सुटं काहीच नाही

१४ जानेवारी २००७, रविवार

नवी वही. पुठ्ठा मीच चढवला. दुकानातल्या वहीची शिवण तीन महिन्यांत सुटते. या वर्षाची नीट नोंद राहावी, पुढे कोणाला हे काम करायचं झालं तर उपयोगी पडावी, म्हणून लिहितो आहे.

आज प्रौढांच्या संडे स्कूलमध्ये सुरुवात केली. तेवीस जण होते. उपा ह्रांगचुआना धरले तर चोवीस, पण ते शिकायला आले नव्हते. ते चर्चचे कारभारी, मी काय करतो ते बघायला आले होते. आमच्याकडे चाळीस वर्षं शास्त्र तुकड्यातुकड्यांनी शिकवलं जातं. मुख्य कचेरीतून पुस्तिका येते: या रविवारी दाविदाची गोफण, पुढच्या रविवारी एखादं पत्र, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा मागे मोशे. आठवडी बाजारात फिरल्यासारखं. दोन वर्षं मागे लागून मी परवानगी मिळवली, की एका वर्षात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचं, आणि एकच गोष्ट म्हणून वाचायचं.

वर्गाला म्हणालो, "मी सुतार आहे. घर बांधताना एक खुंटीसुद्धा उगाच मारत नाही. शास्त्रात सुटं काहीच नाही. जे सुटं वाटतं ते आपल्याला कळलेलं नसतं, एवढंच."

उपा म्हणाले, "पु सांगखुमा, शाळा किती शिकलात?"

"चौथी."

"मग जरा बेताने."

लोक हसले. मीही हसलो. शिलाँगला चार वर्षं धर्मशास्त्र शिकून आलेले आमचे पाळक गेल्याच महिन्यात माझ्याकडून राजांचा क्रम विचारून गेले, हे मी बोललो नाही. इथे लिहून ठेवतो.

चर्चच्या मागच्या भिंतीला सागाची तीस फुटी पट्टी बसवली आहे. त्यावर डावीकडून उजवीकडे एक लाल दोरा. पहिला खिळा: बाग, आणि बागेतून बाहेर काढलेली माणसं. शेवटचा खिळा: बारा वेशींचं नगर, ज्याच्या वेशी कधी लावत नाहीत. मधलं सगळं याच दोऱ्यावर. बाहेर काढलेल्याला घरी आणण्याची ही गोष्ट आहे, दुसरी कुठली नाही. दर रविवारी एक खिळा.

४ फेब्रुवारी, रविवार

हागार आणि तिचा मुलगा इश्माएल, अब्राहामाने घरातून घालवलेले. पी झामीने आज वेळ खाल्ला. पी म्हणजे आजी; म्हातारी पंचाहत्तरीची, सहा पोरांतली चार पुरलेली. तंबाखूच्या पाण्याची बाटली वर्गातही सोडत नाही. एक घोट तोंडात घोळवून म्हणते, "सांगखुमा लेकरा, बापाने पोराला भाकर-पाणी देऊन घालवलं, बरं. रानात आईने त्याला झुडपाखाली ठेवलं, बरं. पुढे बाप बघायला गेला का?"

म्हटलं, "तसं लिहिलेलं नाही. पण तोच मुलगा पुढे बापाला पुरायला आलेला आहे. दोघे भाऊ मिळून पुरतात. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही."

"म्हणजे पोरगा आला. बाप नाही गेला."

"लिहिलेलं नाही, पी."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि बाटलीला बूच लावलं.

शेवटच्या बाकावर थांगपुई, माझी बायको, बसलेली होती. लोक तिच्याकडे बघत होते. लोकांना कशाचाही कशाशीही संबंध लावायची खोड असते, म्हणून माझी बाजू एकदा लिहून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा रेमसियामा, वय तेव्हा चोवीस, याने माझा रंधा, दोन करवती आणि मामाची बंदूक चंफाईला विकली, नशेच्या सुईसाठी. तिसरी वेळ होती. मी गावच्या भोंग्यावरून दवंडी देवविली: सांगखुमाच्या घराशी या मुलाचा संबंध उरलेला नाही, त्याला कोणी माझ्या नावावर उधार देऊ नये, आसरा देऊ नये, आणि तो सगळ्यांसमोर चर्चमध्ये उभा राहून कबूल होईपर्यंत हे असंच राहील. मजकूर मी स्वतः लिहून दिला होता, सात ओळी. एक शब्द जास्त नाही. रागाच्या भरात केलेलं काम ते नव्हतं.

आमच्याकडे पा म्हणजे बाप, नू म्हणजे आई; बाईमाणूस नवऱ्याला मुलाच्या नावाने हाक मारतं. थांगपुई मला 'रेमाचे पा' म्हणायची. ते मी बंद करायला सांगितलं. तेव्हापासून ती 'ऐकलंत का' म्हणते.

२५ मार्च, रविवार

मोशे आणि लाल समुद्र. चाळीस वर्षांचे मुक्काम नकाशावर काढून दाखवले, बेचाळीसच्या बेचाळीस. उपा म्हणाले, "पाय दुखले." पण उठले नाहीत.

१७ जून, रविवार

आज दाविद आणि अबशालोम. मुलगा बापावर उलटतो, लढाई होते, मुलगा मारला जातो, आणि राजा वेशीवरच्या खोलीत जाऊन रडत बसतो. मी शिकवलं की इथे राजाचं चुकलं आणि सेनापतीचं बरोबर होतं. जीव वाचवून आलेले सैनिक चोरासारखे खाली मान घालून गावात शिरतात, कारण राजाला पोराचं पडलेलं. ज्याच्यावर लोक अवलंबून, त्याने असं करून चालत नाही. दोरा तिथे तुटायला आला होता. सेनापतीने सांधला.

पी झामी म्हणाली, "सेनापतीला पोरं होती का रे?"

"लिहिलेलं नाही."

थांगपुई मधेच उठून गेली. सकाळच्या शिळ्या भाजीने पोट बिघडलं असणार. मी आधीच सांगितलं होतं खाऊ नको म्हणून.

घरी जाताना वानह्नुआइया भेटला, चंफाईच्या गाडीवर असतो. म्हणाला, "पु, रेमाला बस थांब्यावर पाहिला. फार वाळलाय. खोकत होता." मी म्हणालो, "गाडीचे ब्रेक बघून घे, घाटात आवाज येतो." ब्रेकचा आवाज खराच येतो.

९ सप्टेंबर, रविवार

पलीकडचा सगळा डोंगर फुललेला बांबू आहे. म्हातारे म्हणत होते तसंच झालं. बांबूचं बी खाऊन उंदीर माजले आणि आता शेतात उतरले आहेत. शेजारच्या लियानाचं मक्याचं शेत चार दिवसांत संपलं. मधली ताटं उभी, कणसं नाहीत.

वर्गात निम्मे लोक. बाकीचे शेतात राखणीला. मी म्हणालो, यिर्मयाच्या काळातही लोक असेच होते. पाळक म्हणाले, "पु, आज छोटं करा." छोटं केलं नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार

भात कापायला आलं होतं त्यातलं एक तृतीयांश आमच्या हाती लागलं. बाकी उंदरांनी. इतरांपेक्षा बरं.

घरात तांदूळ मोजून वापरायचा असं ठरवलं. डब्यावर आतून खुणा केल्या, बोटाच्या पेराएवढ्या. आज बघतो तर हिशोबापेक्षा दोन खुणा खाली. थांगपुईला विचारलं. ती म्हणाली, "चर्चची मूठ काढते ना." प्रत्येक स्वयंपाकाला चर्चसाठी एक मूठ बाजूला काढायची हा आमच्या बायकांचा नेम. पण मी पाहिलं, ती दोन मुठी काढते. एक नेहमीच्या डब्यात, एक कापडी पिशवीत. दुष्काळात दान दुप्पट करणारी बाई आहे. माझ्या शिकवण्याचा कुठेतरी उपयोग होतो आहे, हे बघून बरं वाटलं.

चुलीवर टांगलेलं धुरी दिलेलं डुकराचं मांसही कमी झालंय. ते मात्र उंदीर.

१५ ऑक्टोबर, सोमवार

थांगपुई रोज शेतावर जाते. कापणी संपलेली आहे. म्हणते भोपळे आहेत अजून, आलं काढायचंय. परत येते तेव्हा टोपलीत दोन भोपळे. दवाखान्यातून खोकल्याचं औषध आणलंय तिने. मला खोकला नाही, तिलाही नाही. विचारलं तर म्हणाली, "थंडी येतेय. असू दे घरात."

तिची तब्येत मात्र सुधारली आहे. काल स्वयंपाक करताना गुणगुणत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

२१ ऑक्टोबर, रविवार

ईयोब, सगळं गमावून पुन्हा मिळालेला माणूस. याला दोऱ्यावर कुठे बसवावं यात मोठमोठे लोक गोंधळतात. मी अब्राहामाच्या बाजूला बसवला, कारणं वेगळ्या कागदावर आहेत.

शेवटी त्याची गुरंढोरं दुप्पट होतात हे सांगितलं, आकड्यांसकट. पी झामी थांबवून म्हणाली, "पोरं?"

"सात मुलगे, तीन मुली. आधी होते तेवढेच."

"तेवढेच की तेच?"

"तेच कसे असतील, पी? ते तर घर पडून मेले होते. दुसरे दहा झाले."

"अस्सं. म्हणजे आधीच्या दहांचा खिळा कुठे मारणार तू?"

लोक वळून पट्टीकडे बघायला लागले. मी सांगितलं की गुरं दुप्पट झाली आणि मुलं दुप्पट झाली नाहीत, याचाच अर्थ पहिले दहा देवाकडे जिवंत मोजले गेले आहेत. हे उत्तर बरोबर आहे. पाळकांनीही मान डोलावली.

म्हातारी म्हणाली, "आकडा बरोबर आहे रे लेकरा. मी आकडा नव्हता विचारला."

घरी येऊन पुन्हा वाचलं. त्या दहांची नावं दिलेली नाहीत. नंतरच्या तीन मुलींची दिलेली आहेत. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

२७ ऑक्टोबर, शनिवार

शेतावरच्या खोपीची दुरुस्ती करायला गेलो. बऱ्याच दिवसांत गेलो नव्हतो. थांगपुई म्हणत होती की ती बघते, कशाला पाय मोडता. पण छपराचं काम बाईचं नाही.

खोपीतली राख गरम होती. माचाणावर गवत अंथरून कोणी बिछाना केलाय, आमचीच जुनी घोंगडी. कोपऱ्यात भाताची शितं आणि उंदरांच्या लेंड्या. बाहेर ओल्या मातीत अनवाणी पाऊल, पुरुषाचं, तिआउ नदीपलीकडच्या देशातून येणाऱ्या शिकाऱ्यांपैकी कोणाचं तरी. ते असे रिकाम्या खोपीत उतरतात. उतरेनात का, पण सांडलेल्या शितांनी उंदीर येतात. उरलेलं बियाणं तिथेच टांगलेलं आहे. ते गेलं तर पुढच्या वर्षी पेरायला काही नाही.

संध्याकाळच्या जेवणाला थांगपुईला सांगितलं. ती म्हणाली, "असेल कोणी वाटसरू. आपलं काय जातं?"

"बियाणं जातं," मी म्हणालो.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

चंफाईहून वानह्नुआइयाकडून उंदरांचं विष मागवलं होतं, ते आलं. भात आणि सुकी मासळी कालवून केळीच्या पानावर अकरा वाटे केले आणि खोपीत ठेवून आलो. जागा लिहून ठेवतो, नंतर उचलताना एकही राहू नये: बियाण्याच्या टोपल्यांखाली चार, दाराशी दोन, चुलीजवळ दोन, आढ्यावर एक, लाकडांच्या ढिगामागे एक, आणि माचाणावर एक. उंदीर उबेला येतात, म्हणून माचाणावरचा वाटा गवताच्या बिछान्यात बरोबर उशाशी ठेवला. शिकारी आले तर त्यांच्यासाठी दाराच्या फळीवर कोळशाने कवटीचं चित्र काढलं, कोणत्याही भाषेत कळेल असं.

खाली येताना वरच्या झाडीत काहीतरी हललं. सांबर असावं.

जेवताना थांगपुईला सांगितलं. तिचा हात पातेल्यातच थांबला.

"कुठे कुठे ठेवलंत?"

मी अकराही जागा सांगितल्या. तिने परत विचारलं. परत सांगितल्या. घरच्या कामात ती अशी लक्ष घालते तेव्हा बरं वाटतं.

३ नोव्हेंबर, शनिवार

पहाट होताच थांगपुई भोपळे आणायला गेली. दुपार उलटून गेल्यावर आली. टोपली रिकामी. "उंदीर मेले का?" विचारलं. म्हणाली, "मी आत गेले नाही."

११ नोव्हेंबर, रविवार

आज बापाला सोडून गेलेल्या धाकट्या मुलाचा दाखला. वर्षभर मी या दिवसाची तयारी करत होतो. सगळा दोरा इथे येऊन एका गाठीत बसतो: बागेतून निघालेला माणूस, इश्माएल, देशाबाहेर नेलेले लोक, सगळे. मी चांगलं शिकवलं. लोक हलले नाहीत. मुलगा डुकरांमध्ये बसून भानावर येतो, पाप केलं असं म्हणायचं ठरवतो, उठतो, चालायला लागतो. मी ठासून सांगितलं, क्रम बघा. आधी मुलगा उठला.

पी झामी म्हणाली, "आणि बापाने त्याला लांबूनच पाहिला."

"हो. मुलगा अजून लांब असतानाच."

"मग बाप रस्त्यावर काय करत होता? उंदीर मारत होता?"

वर्ग हसला. उपा ह्रांगचुआनासुद्धा. मी उत्तर देणार तेवढ्यात शेवटच्या बाकावरून थांगपुई बोलली. अकरा महिन्यांत ती वर्गात एक शब्द बोललेली नाही. ती म्हणाली, "तो रोज जाऊन बघत असणार. एखाद्या दिवशी गेला नसता, तर त्याच दिवशी चुकामूक झाली असती."

मी म्हणालो, "बरोबर आहे."

घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. इथे स्पष्ट लिहितो, कोणी वाचणार नाही: रेमा आला तर मी त्याला घरात घेईन. कबुलीसाठी चर्चमध्ये उभा करणार नाही. भोंग्यावरची दवंडी मागे घेईन. मजकूर तयार केला, तीन ओळी. उद्याच द्यावा असं वाटलं. मग विचार केला, नाताळच्या आदल्या रविवारी वर्षाचा शेवटचा धडा आहे, बारा उघड्या वेशींचा. त्या धड्याच्या शेवटी, सगळ्यांसमोर, मी स्वतः सांगेन. तिथे ते बरोबर बसेल. सहा आठवड्यांनी काय बिघडतंय?

थांगपुईलाही सांगितलं नाही. तिला त्याच दिवशी कळू दे.

१४ नोव्हेंबर, बुधवार

थांगपुई शेतावर डबा घेऊन जाते आणि भरलेला परत आणते. स्वतः जेवत नाही. आठ-नऊ दिवस झाले. विचारलं तर म्हणते भूक नाही. खोकल्याची बाटली फळीवर तशीच अर्धी आहे.

तांदळाची खूण मात्र आता हिशोबाला लागली.

२० नोव्हेंबर, मंगळवार

रेमा गेला.

तिआउ नदीच्या काठी मासेमाऱ्यांच्या पडक्या छपरात सापडला. इथून दीड दिवसाची वाट. खालच्या गावच्या मुलांनी ओळखला आणि खांद्यावर घेऊन आणला. अंगावर सदरा आणि नेसायला एक पातळ पुआन, बस. तिथे नदीवर या दिवसांत हाडं गोठतात. ताप, छातीत कफ, असं ते म्हणाले. दोन दिवस तरी झाले असावेत.

दुपारी तीनला भोंग्यावरून सांगितलं. माझं नाव बाप म्हणून घेतलं.

२१ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या गावात कोणी गेलं की पेटीचं माप मी घेतो. एकवीस वर्षं. घरच्यांनी मात्र कशाला हात लावायचा नाही, ही रीत आहे. शेजारी फळ्या आणतात, पोरं कबर खणतात, घरच्यांनी बसून राहायचं.

अंगणात लियाना आणि बाकीचे पेटी करत होते. मी दारातून बघत होतो. झाकण काटकोनात नव्हतं. डोक्याकडे बोटभर फट. मी उठून गुण्या घेतला आणि गेलो. लियानाने माझा हात धरला.

"पु, बसा तुम्ही."

"बोटभर फट आहे."

"असू दे."

"माती जाईल आत."

"पु सांगखुमा," उपा ह्रांगचुआना म्हणाले. ते मागे कधी आले मला कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातून गुण्या काढून घेतला, मला घरात आणून बसवलं आणि शेजारी बसून राहिले. हा माणूस वर्षभर माझी चूक काढायला टपला होता. आज चहासाठीसुद्धा उठला नाही.

पी झामी थांगपुईला धरून बसली होती. थांगपुई रडत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती.

२४ नोव्हेंबर, शनिवार

घर माणसांनी भरलेलं आहे. रोज संध्याकाळी येऊन गातात, चहा होतो, जातात. आज सकाळी मी कोणाला न सांगता खोपीवर गेलो. घोंगडी आठवली होती. काल कोणीतरी बोललं की रेमाने जाडं पांघरूणसुद्धा नेलं नव्हतं. तेव्हा एकदम त्या माचाणावरची आमची घोंगडी डोळ्यांसमोर आली. रात्रभर बसून राहिलो.

गवताखाली त्याचा कंगवा सापडला. खोकल्याच्या औषधाचं बूच. कापडी पिशवी.

म्हणजे तो इथे होता. शिकारी वगैरे कोणी नाही. ती त्याला इथे जेवू घालत होती, ती दुसरी मूठ.

मग मला विषाचं आठवलं. टोपल्यांखालचे चार बघितले. आहेत. दाराचे दोन. चुलीजवळचे दोन. आढ्यावरचा, लाकडांमागचा. हाताने चाचपून बघितलं, पानं सुकलेली, वर बुरशी, पण वाटे जसेच्या तसे. उशाशी ठेवलेला अकरावा तिथेच होता, भाताचं शितही हललेलं नाही. उंदरांनीसुद्धा शिवलेलं नाही.

अकराच्या अकरा. तिथेच गुडघे टेकले. माझ्या हातून झालेलं नाही. तो आजारी होता, आजारानेच गेला. देवाने एवढं तरी माझ्यासाठी राखलं.

वाटे पुरून टाकले. उतरताना मोकळं वाटलं. मुलगा पुरून तीन दिवस झालेल्या माणसाला असं वाटू नये, पण वाटलं.

२५ नोव्हेंबर, रविवार

आज वर्ग नव्हता. लोक चर्चला गेले तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. मी थांगपुईला सांगितलं, की मला सगळं कळलं आहे. तिने त्याला ठेवलं त्याबद्दल माझा राग नाही. आणि विषाचे अकरा वाटे मी स्वतः मोजून आलो आहे, एकालाही हात लागलेला नव्हता, तेव्हा ती शंका तिने मनात ठेवू नये.

ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "मला माहीत आहे हात लागला नव्हता."

"तू पाहिलंस?"

"तुम्ही ठेवत होतात तेव्हा तो वरच्या झाडीत बसला होता. त्याने पाहिलं. मी शनिवारी गेले तर बाहेर दगडावर बसलेला. आत जाईना. मला म्हणाला, नू, पांनी माझ्या उशाशी ठेवलं."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मी म्हटलं, बाळा, उंदरांसाठी आहे ते. त्यांना तू इथे आहेस हे माहीतच नाही. तो हसला. म्हणाला, नू, पांना डब्यातला तांदूळ दोन पेरं खाली गेलेला कळतो. मी राहतोय हे कळलं नसेल? दारावर चित्रसुद्धा काढून गेलेत."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"मी तेच सांगितलं. हात जोडून सांगितलं. दोन महिने त्याने सुईला हात लावला नव्हता. म्हणत होता, खोकला बरा झाला की नाताळला चर्चमध्ये उभा राहतो, पांना हवं तसं सगळ्यांसमोर बोलतो. मी म्हटलं, आज घरी चल, आत्ता चल. तो म्हणाला, नको, त्यांनी सांगितलंय मला काय ते. भरवलं, झोपवलं, बाहेर, लाकडांच्या आडोशाला. सोमवारी गेले तर नव्हता. घोंगडी घडी करून ठेवलेली. तरी मी रोज डबा नेत होते."

"थांगपुई, देवाशपथ सांगतो, मला माहीत नव्हतं."

ती उठली. फळीवरून ही वही काढून माझ्यापुढे ठेवली. तिला धड वाचता येत नाही, पण वही कुठे असते हे तिला माहीत होतं.

"तुम्ही सगळं लिहून ठेवता," ती म्हणाली. "वाचा."

ती चर्चला गेली. मी दाराशी उजेडात बसून पहिल्या पानापासून वाचली, मधे कुठे न थांबता. फार वेळ लागला नाही. लोक परत यायच्या आत संपली.